रांजण बंद आहे

आमच्या शहरात दोन गोष्टी न बोलावता जमतात. एक धूळ, दुसरे किस्से. धुळीचं कारण सोपं आहे, बारा महिने कुठला ना कुठला रस्ता खोदून ठेवलेला असतो. किश्श्यांचं कारण म्हणजे आमच्याकडची मोठी माणसं. चूक मान्य करायची नाही म्हटलं की माणूस एक सबब काढतो, ती सबब टिकवायला दुसरी काढतो, आणि तिसरीपर्यंत किस्सा तयार होतो. मी फक्त शेजारी बसलेला असतो.

हे सगळे किस्से एका हेडफोनचे आहेत. त्या दुष्काळाच्या वर्षांत दर रविवारी सकाळी गारखेड्यात कुलकर्णी सरांच्या घरी आम्ही चौघं जमायचो. सर आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झालेले. भाऊसाहेब जाधव फुलंब्रीचे जमीनवाले. नव्या रस्त्याच्या कडेची जमीन त्यांनी प्लॉट पाडून विकली आणि तेव्हापासून त्यांना संगीत कळायला लागलं. सलीमभाई लग्नाच्या वरातींना डीजे भाड्यानं देतात. आणि चौथा मी. मी इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणून सगळे मला 'इंजिनियर' म्हणतात. कॉलेज का सोडलंस हे मला झाडून सगळ्या नातेवाइकांनी विचारलं. कॉलेजात काय शिकवतात हे एकानंही विचारलं नाही. तर मी क्रांती चौकात मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, आणि सरांचा हेडफोन माझ्याच हातून आला.

तो हेडफोन घरात राहणार की जाणार, एवढाच आमच्या बैठकीतला खरा प्रश्न. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, तो घरात नको होता. भाऊसाहेबांना तो हवा होता. आणि सर तो सोडायला तयार नव्हते.

हे लिहायच्या आधी मी सरांना विचारलं, सगळं लिहू का? ते म्हणाले, "लिही. वाचता तरी येतं मला अजून."

* * *

सुरुवातच वाकडी झाली.

सरांच्या शेजारचा प्लॉट विकला गेला आणि तिथं अपार्टमेंट चढायला लागलं. सकाळी ड्रिल, दुपारी फरशी कापायचं मशिन, संध्याकाळी मजुरांच्या मोबाइलवरची गाणी. सरांना शांतपणे शास्त्रीय संगीत ऐकायचं होतं. भारी हेडफोन दोन जातींचे असतात. एक उघड्या पाठीचे: कपांना मागून जाळी असते, आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. दुसरे बंद पाठीचे: कप मागून मिटलेले, जग बाहेर, तुम्ही आत. सरांना दुसरा पाहिजे होता. मी दुकानात म्हटलं, "म्हणजे क्लोज्ड-बॅक." सर म्हणाले, "मराठीत म्हण. बंद पाठीचा. मी तीस वर्षं मुलांना मराठीत शिकवलं." बरं, बंद तर बंद.

खोकं घरी आलं तेव्हा सर पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेले. काकूंनी कुरिअरवाल्याला दारात थांबवून मला फोन लावला. काय आलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, हेडफोन, सरांनी मागवलाय.

"चांगला आहे ना?"

"एक नंबर, काकू. बंद आहे."

मग काकूंनी सावकाश विचारलं, "बंद आहे?"

"व्हय. सरांनी बंदच मागवलाय. उघडा नको म्हणाले."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. सरांना जुन्या बाजारातून बंद पडलेले रेडिओ आणायची खोड होती. दुरुस्त करतो म्हणायचे. माळ्यावर असे बंद रेडिओ इतके, की गणपतीचं मखर ठेवायला जागा उरली नव्हती. त्यामुळं 'सरांनी बंदच मागवलाय' या वाक्यात काकूंना खटकण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी खोकं परत पाठवलं. कुरिअरवाल्याला म्हणाल्या, "बंद वस्तू आम्ही आता घेत नाही. घरात पुष्कळ आहेत."

खोकं पुन्हा यायला महिना गेला. सरांनी आधी काकूंना दोष दिला, मग कुरिअरवाल्याला, मग माझ्या मराठीला. मी म्हटलं, सर, ते मराठी तुमचंच होतं. त्यावर ते माझ्या अपूर्ण डिग्रीवर गेले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ती तुमच्या शिक्षणावर जातात.

* * *

पहिल्या रविवारी सरांनी तो बाहेर काढला. अक्रोडाच्या लाकडाचे कप, मेंढीच्या कातड्याच्या मऊ गाद्या, दोन्ही बाजूंना वेगळी लागणारी आणि हवी तेव्हा काढता येणारी वायर. कानावर चढवला की आधी काही वाजायच्या आतच एक चमत्कार व्हायचा. शेजारचं ड्रिल जायचं. रस्त्यावरचा टँकरचा भोंगा जायचा. आख्खं शहर कुणीतरी झाकण लावून बाजूला ठेवल्यासारखं वाटायचं. मग त्या अंधारात तानपुरा सुरू व्हायचा, आणि तो कानाशी नाही, कपाळाच्या मागं वाजायचा. मी दुकानात शंभर प्रकारचे हेडफोन विकलेत. हा वेगळा होता, हे मीही कबूल केलं. मी सहसा काही कबूल करत नाही.

सलीमभाईंनी घातला, दोन मिनिटं ऐकला आणि काढला. "सर, आवाज तो अच्छा है. लेकिन छाती में कुछ नहीं हुआ." त्यांच्या धंद्यात शेजारच्या घरांच्या काचा वाजल्या तर आवाज चांगला. सर त्यांना समजावायला लागले की संगीत कानानं ऐकायचं असतं. सलीमभाई म्हणाले, "नको सर, मेरे गिऱ्हाइक कू ये मत बताओ."

मग भाऊसाहेब. ते डोळे मिटून बराच वेळ बसले. आम्हाला वाटलं, रमले. काढून म्हणाले, "लई भारी. पन रांजनात तोंड घालून बोलल्यावानी वाटतंय."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बंद पाठीच्या हेडफोनला लोक जी नावं ठेवतात ती नेमकी हीच: आवाज आत घुमतो, भांड्यात बोलल्यासारखा येतो. जगभरचे जाणकार पानंच्या पानं लिहितात, भाऊसाहेबांनी एका वाक्यात उरकलं. सर पुढचे काही रविवार त्यांच्याशी तुटक बोलले. पण नाव चिकटलं ते चिकटलं. शेवटी एकदा सर स्वतःच आतून काकूंना ओरडले, "अगं, माझं रांजण कुठं ठेवलंस?"

काकू म्हणाल्या, "पाणी असतं तर विचारलं असतं, कुठलं."

* * *

सरांच्या आजोबांकडं भिक्षुकी होती. सर स्वतः सोवळंओवळं मानत नाहीत. त्यावर कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी भाषणही केलं होतं, काकूंना अजून पाठ आहे. पण रांजण आलं आणि आजोबा परत आले.

नियम असे. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. केसांना तेल असेल तर शिवायचं नाही, कातडं खराब होतं. तंबाखू खाल्ली असेल तर जवळ बसायचं नाही. ऐकताना दुसऱ्यानं बोलायचं नाही. ऐकून झालं की पिवळ्या फडक्यानं पुसून पेटीत ठेवायचं, पेटी देवघराच्या शेजारच्या कपाटात. मी म्हटलं, सर, नैवेद्य कधी?

सगळ्यात अडचण भाऊसाहेबांची. त्यांच्या डोक्याला कायम खोबरेल. फुलंब्रीहून निघताना चोपडलेलं तेल गारखेड्यापर्यंत कपाळावर आलेलं असायचं. सरांनी त्यांच्या डोक्याला पंचा बांधायचा नियम काढला. मोठ्या गाडीतून उतरणारा, दोन बोटांत अंगठ्या असलेला माणूस डोक्याला पंचा गुंडाळून त्यावर लाकडी हेडफोन घालून बसलेला, हे दृश्य मी रोज पैसे देऊन बघितलं असतं.

सलीमभाई एका रविवारी दारातूनच म्हणाले, "सर, नमाजवाला वजू करके आया हूँ. अब तो चलेगा?"

सरांना हसावं की नाही कळेना. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पिंपात पाणी तळाला गेलेलं. त्यांनी सगळ्यांना एकदाच सांगितलं, "हात धुवायला आजपासून पाणी मिळणार नाही. ऐकायचं असेल तर कोरडं ऐका."

त्या दिवसापासून रांजणाचं सोवळं सुटलं. समाजसुधारणा भाषणानं होत नाही, पाणी संपलं की होते.

* * *

सरांना वाटायचं, वेरूळच्या लेण्यांत आवाज कसा घुमतो आणि रांजणात कसा घुमतो याची तुलना करावी. भाऊसाहेबांची गाडी, सरांचं रांजण, माझा खिशातला प्लेअर. सलीमभाई आले नाहीत. त्यांची वरात होती.

लेण्यात सरांनी आधी "ओम" म्हणून बघितलं. मग खांबाला टेकून पायरीवर बसले, रांजण चढवलं, डोळे मिटले. पाचेक मिनिटांत त्यांच्यासमोर जालन्याहून आलेलं एक कुटुंब येऊन उभं राहिलं. बाप, आई, दोन पोरी, एक आजी. बापानं विचारलं, "हे माहितीचं मशिन कुठं मिळतंय हो?"

सर डोळे मिटून मान डोलावत होते.

"मराठीत आहे का?"

सर मान डोलावतच होते.

"आमच्या म्हातारीला जरा द्या. तिला पायऱ्या होत नाहीत, इथंच बसून ऐकेल."

सरांची मान हो म्हणाली. आजी पुढं झाल्या आणि त्यांनी सरांच्या डोक्यावरून रांजण काढून आपल्या डोक्यावर घातलं. सर डोळे उघडून बघतायत तर समोर एक म्हातारी, कानावर अक्रोडाचे कप, चेहऱ्यावर परमसमाधान. आत विलंबित ख्याल चालू होता. आजींनी तो दहा मिनिटं ऐकला. परत देताना म्हणाल्या, "माहिती काय सांगितली ते कळलं नाय बाबा. पन सांगनारा लई दुःखात हाये."

परतीच्या वाटेवर भाऊसाहेबांनी मागं वळून सरांना विचारलं, "सर, भद्रा मारुतीला थांबायचं का?"

सर म्हणाले, "नको. दुपारी घेतला की झोप उडते."

भाऊसाहेब स्टेअरिंगवर हात मारून हसले. "सरांनी देवाचा चहा केला, इंजिनियर." सरही हसले. आमच्या बैठकीत पुढं कितीतरी दिवस चहाला भद्रा मारुती म्हणत होते.

* * *

आता भाऊसाहेबांच्या खरेदीबद्दल. माणूस वाईट नाही, पण त्यांना कुठलीही गोष्ट दुसऱ्याकडं बघितली की चांगली वाटते. फुलंब्रीला नवं घर बांधलं, त्यात ऐकायची खोली केली, भिंतींना गाद्या लावल्या. गावात चर्चा, की भाऊसाहेबांनी वेड्यासाठी खोली बांधली. मी एकदा विचारलं, भाऊसाहेब, दुष्काळात हे कसं जमतं? ते म्हणाले, "ऊस गेला, मोसंबी गेली. प्लॉटच्या पिकाला पाणी लागत नाय."

मी त्यांना म्हटलं, अगदी तसाच नवा मागवून देतो. नको. त्यांना सरांचाच पाहिजे होता. "नव्यात ती गोडी नाय. सरांनी दोन वर्षं ऐकून ऐकून मुरवलाय." म्हणजे लोणचंच.

काकूंनी हे ऐकलं होतं. त्यांचा राग वेगळाच होता. त्या म्हणायच्या, रेडिओ बंद होते तेव्हा निदान हाक मारली की हे 'ओ' तरी द्यायचे. आता दिवसभर ते रांजण डोक्यावर. भाजी काय करू विचारलं, उत्तर नाही. दार वाजलं, उत्तर नाही. पुण्याहून मुलीचा फोन आला, हे रांजणात. "ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत बोलायचं," असं त्या भाऊसाहेबांना ऐकवायच्या, आणि भाऊसाहेब आशेनं पेटीकडं बघायचे.

* * *

सरांचा मला खरा राग यायचा तो एका गोष्टीवरून. ते 'जाणकार' होते. प्रत्येक बैठकीत निकाल द्यायचे. या रेकॉर्डिंगमध्ये हवा नाही, त्या वायरनं आवाज मोकळा झाला, या तबल्याची शाई कळते. आणि त्या वर्षी नवीन सुरू झालं होतं: वरचा आवाज गेलाय. टाळ, झांज, तानपुऱ्याची जवारी, सगळं म्हणे बोथट झालं. कधी प्लेअरला दोष, कधी वायरला, कधी हवेतल्या धुळीला. धुळीला! मी ऐकायचो तेव्हा सगळं जागेवर असायचं. मी म्हणायचो तसं, तर उत्तर ठरलेलं: "तुमच्या पिढीचे कान मोबाइलनं गेलेत."

मला हेच खपत नाही. स्वतःच्या वयाचं बिल आमच्या पिढीच्या नावावर फाडायचं.

मी एक काम केलं. एका भजनाच्या रेकॉर्डिंगमधून वरचा आवाज कॉम्प्युटरवर पूर्ण छाटून टाकला. झांज नावालाही शिल्लक ठेवली नाही. रविवारी सरांना म्हटलं, सर, ही वेगळी आवृत्ती मिळाली आहे, एकदम स्वच्छ. भाऊसाहेब आणि सलीमभाईंना आधीच ऐकवून ठेवलं होतं. दोघं दाबून हसत बसले.

सरांनी रांजण चढवलं. अर्ध्या मिनिटात चेहरा खुलला. बोट उचलून म्हणाले, "वा! ही बघ झांज. किती स्वच्छ."

सलीमभाई सोफ्यावरून खालीच बसले. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. मी सरांना सगळं सांगितलं, झांज मीच काढून टाकलीय, त्यात झांज नाहीच. वाटलं, आता तरी हा माणूस खाली येईल.

सरांनी रांजण काढलं, पिवळ्या फडक्यानं पुसलं, आणि शांतपणे म्हणाले, "मग आठवणीतून ऐकली असेल."

म्हणजे बघा, किती चिवट. हरले तरी वाक्य त्यांचंच भारी!

* * *

पुढचं समजायला आमच्याकडच्या नळाची रीत माहीत पाहिजे. नळ आठवड्यातून एकदा येतो, वेळ त्याच्या मर्जीची. यायच्या आधी पाइपमधून हवा निघते आणि बारीक शिट्टी वाजते. शिट्टी ऐकली की पळत जाऊन मोटार लावायची, म्हणजे पाणी ओढून हौदात पडतं. तुम्ही लावली नाही तर शेजाऱ्याची मोटार तुमच्या वाट्याचं ओढून नेते. नळाला मोटार लावणं बेकायदा आहे. कॉलनीत नियमांवर बोलणारे जेवढे ज्येष्ठ नागरिक आहेत, त्या सगळ्यांकडं आहे. सरांकडं तर दोन. एक बिघडली तर असू द्यावी म्हणून.

पाण्याच्या दिवशी काकू घर सोडत नसत. पण भाचीच्या मुलाचं बारसं आलं. सरांवर पाळी सोपवून त्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तर कॉलनीतले सगळे हौद भरलेले, गच्च्यांच्या टाक्या वाहून रस्ता ओला, आणि सरांच्या हौदात तळाला एक चप्पल.

सर खुर्चीत. डोक्यावर रांजण.

त्यानंतरचा रविवार मी विसरणार नाही. काकू चहाचे कप घेऊन आल्याच नाहीत. कोरडे हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, आजच्या आज ते घेऊन जा. भाऊसाहेब उठलेच. सर मध्ये उभे राहिले. मी सरांना असं कधी बघितलं नव्हतं. ते भांडत नव्हते, सबबही काढत नव्हते. पेटी छातीशी धरून फक्त म्हणत होते, "हे नको नेऊ. एवढं नको."

मला ते नाटक वाटलं. एका वस्तूसाठी एवढं! मी स्पष्टच म्हटलं, "सर, देऊन टाका. काकूंपेक्षा हेडफोन मोठा आहे का?" आणि सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं परीक्षेत सोपा प्रश्न चुकवणाऱ्या पोराकडं बघतात.

शेवटी सलीमभाईंनी तोडगा काढला. "भाभी, एक चान्स. अगली बार का पानी सर भरेंगे. अकेले. पानी गया, तो रांजण भी गया."

काकू कबूल झाल्या. एक पाळी. हौद भरला तर रांजण घरात, नाही भरला तर फुलंब्री. भाऊसाहेबांनी जाताना पेटीचं माप घेतलं, खोलीत कपाट करायला.

* * *

त्याच आठवड्यात रांजणाच्या डाव्या बाजूला खरखर यायला लागली. वायर खराब झाली होती. मी दुकानातून जाता जाता सरांच्या घरी गेलो, दोन्ही कपांतून वायर काढली आणि दुरुस्तीला घेऊन गेलो. सरांना सांगितलं, चार-सहा दिवस लागतील, तोवर ऐकणं बंद. सर म्हणाले, "बरं."

वायरीच्या टोकाला लावायची पिन काही मिळेना. ते सांगायला एका दुपारी मी गारखेड्यात गेलो. वायर माझ्या शर्टाच्या खिशात गुंडाळलेली. गल्लीत शिरतो तर सगळ्या घरांतून मोटारींची घरघर. पाणी आलं होतं. आणि समोरून काकू भाजीची पिशवी घेऊन जवळजवळ पळत येत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ह्यांनी लावली नसणार बघ. जा, जा लवकर."

आम्ही दोघं घराच्या बाजूनं मागं गेलो.

मागच्या अंगणात सर हौदाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर रांजण. डोळे मिटलेले. उजव्या हाताचं बोट मांडीवर ताल धरत होतं. मोटार चालू होती, आणि हौद वरच्या फरशीपर्यंत भरत आला होता.

डावा हात पाइपवर होता. तळवा सपाट टेकवलेला, डॉक्टर छातीवर टेकवतात तसा.

काकू थांबल्या. आधी त्यांनी हौद बघितला. मग तो हात. मग रांजण. दोन्ही कपांना खाली वायरीची भोकं असतात, ती रिकामी होती. त्यांनी माझ्या खिशाकडं बघितलं. वायरीचं टोक बाहेर आलेलं.

मी तोंड उघडलं. माझी सवयच ती. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं.

भिंतीपलीकडून शेजारचे पाटील ओरडले, "ओ सर, तुमच्याकडं प्रेशर हाये का?" सर ताल धरून बसलेले. पाटील पुन्हा ओरडले.

काकू तिकडं तोंड करून म्हणाल्या, "त्यांना हाक मारू नका, त्यांच्या कानावर रांजण आहे. मला सांगा काय ते."

मग त्या वळसा घालून सरांच्या अगदी समोर गेल्या आणि खुर्चीच्या हाताला हात लावला. सरांनी डोळे उघडले. काकू त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत बोलल्या. "काय हो, चालू आहे का ते?"

सरांनी त्यांच्या ओठांकडं बघितलं. मग माझ्याकडं, मग माझ्या खिशाकडं. पाइपवरचा हात काही काढला नाही.

"नाही," ते म्हणाले. "बंद आहे. मी आणला तेव्हापासून बंदच आहे."

काकू हसल्या. मला वाटतं, कुरिअरवाल्याला परत पाठवल्यापासून त्या या वस्तूवर पहिल्यांदाच हसल्या. पदरानं सरांच्या कपाळावरचा घाम टिपला, रांजण जरासं तिरकं झालं होतं ते दोन्ही हातांनी सरळ केलं, आणि हौदावर झाकण टाकायला मला बोलावलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. भाऊसाहेबांना सांगून टाक म्हणाल्या, कपाट दुसऱ्या कशाला तरी वापरा.

मी म्हटलं, सांगतो. आणि वायर परवापर्यंत करून आणतो.

काकूंनी फाटकाची कडी लावली.

"वायरीची काही घाई नाही, इंजिनियर."